धाकटीचे कान

माझी धाकटी जाऊ कपडे शिवते. लग्नानंतर तापात तिचे कान गेले, हात मात्र राहिले. तिच्या मशीनला टेकून एक फोन उभा असायचा. समोरचं माणूस बोललं की त्यात अक्षरं उमटायची. ती वाचून असं फटकन उत्तर द्यायची, की नव्या गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नसे. मी जेमतेम दुसरी शिकलेली. तिच्याशी लिहून बोलणं मला कुठलं जमायला? पण त्या फोनच्या जिवावर आम्ही दोघींनी उभ्या घराण्याची उणीदुणी काढली.

मग उघडकीला आलं, की ती फोनमधली कंपनी लोकांचं बोलणं न विचारता साठवून ठेवत होती. सरकारने जबर दंड ठोकला. कंपनी म्हणाली, असं असेल तर आम्ही इथून गाशा गुंडाळतो.

"काही जात नाही," मी म्हटलं. "रुसलेला जावई आहे. जेवत नाही म्हणतो, पण पानावरून उठतही नाही."

धाकटीची सून घाबरली. "आई, कंपनी लोकांचे व्हिडिओ मागवतेय. तुम्ही सांगा ना, हे गेलं तर मी पुन्हा बहिरी होईन. ते बघून सरकार दंड कमी करेल."

धाकटी मेजपट्टी बोटाला गुंडाळू लागली. "माप देताना बायका काय काय बोलतात इथे," ती म्हणाली. "कुणाला गाठ आलीय, कुणाच्या पाठीवर वळ आहेत. 'कापडाखाली झाकेल ना?' म्हणून विचारतात. ते सगळं यांनी ठेवून घेतलं?"

"पण तुमचं काय?" सून रडकुंडीला आली.

"माझेच कान चहाड्या करत असतील, तर त्यांची बाजू कशी घेऊ गं? दंड भरा आणि राहा, एवढंच सांगते. काढ व्हिडिओ."

तसला व्हिडिओ कोण दाखवतंय!

आणि जावई खरंच उठला. एका सकाळी मी नेहमीसारखी बडबडत आत शिरले, तर फोन कोराच. धाकटी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"जाऊबाई, कवळी घाला. बोळक्या तोंडाचे ओठ वाचता येत नाहीत."

माझी कवळी टोचते. ती डबीत आणि मी बाहेर, असा आमचा जुना करार होता. तो त्या दिवशी मोडला.

एकच गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा येऊन निम्मी गिऱ्हाइकं गेली. दंड करणाऱ्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. पण दंड झाला कंपनीला आणि भरला धाकटीने.

"पस्तावतेस का?" मी एकदा सावकाश, ओठ नीट उघडून विचारलं.

तिने हातातली टीप पुरी केली. "रोज थोडी. संध्याकाळी जास्त. अंधारात ओठ दिसत नाहीत ना."

मी उठून दिवा लावला, खुर्ची उजेडात ओढली आणि थोरल्या नणंदेपासून पुन्हा सुरुवात केली.