दाबून न दिसणारी सूज

मे २००३, तेंदूपत्त्याचा हंगाम. फळीवर, म्हणजे पानांचे पुडे जमा करायच्या जागी, हजर: पुडे तपासून घेणारा मुन्शी, गावातल्या तीसेक बाया, सत्तरबाई, तिची सासू, मुलगी सुमन आणि रक्तदाब तपासायला गेलेली मी, उपकेंद्राची नर्स.

तेंदूच्या एका पुड्यात सत्तर पानं लागतात. सत्तरबाई ती न मोजता बांधायची. नजर दुसरीकडे, तोंडाने गप्पा, आणि सत्तराव्या पानावर हात आपोआप थांबायचा. मुन्शी सगळ्यांचे पुडे सोडून बघे, हिचा कधी नाही. ती म्हणे, "बोटायले शाळेत घातलं होतं. मी बाहेरच बसली."

आदल्या वर्षी तिला गर्भपिशवीचा कॅन्सर निघाला. नागपूरला शेक झाले, सुया झाल्या. गाठ गेली, ती घरी आली, पण थकवा गेला नाही. विहिरीवरून दोन गुंड भरून पाणी आणलं की ओट्यावर बसायची ती दुपारपर्यंत. मी रक्त तपासून घेतलं, ते ठीक होतं. झोप काढून पाहा म्हटलं, तर म्हणाली, "काढली ना, बाई. झोपूनच थकली."

सासूचा हिशोब सरळ होता. "गाठ तं डाक्टरनं घालवली. आता काम दिसलं का हातपाय काऊन गळते इचे?"

पुढच्या तपासणीला मी सोबत गेले. डॉक्टर म्हणाले, आजार आणि उपचार, दोन्हींमुळे शरीर आतून दाहात राहू शकतं. बाहेर काही दिसत नाही, पण ती लढाई ताकद खाते. गाठ गेल्यावरही ते महिनोन्‌महिने चालू राहतं, आणि झोपेने भरून येत नाही. हा आळस नव्हे. रोज थोडं चालू द्या, कामं वाटून घ्या. मी वहीत लिहिलं: आतली सूज. गावात येऊन सासूला तेवढे दोनच शब्द सांगितले. लसीकरणाची घाई होती.

सूज कशी ओळखायची हे त्या गावाला मीच शिकवलं होतं, गरोदर बायांसाठी. नडगीवर अंगठा दाबायचा; खड्डा राहिला तर सूज. दर बैठकीत करून घ्यायचे. सासूने सुनेची नडगी दाबली. खड्डा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाबली. मग शेजारणीही येऊन दाबू लागल्या.

"लाजरी सूज दिसते," सासू म्हणे. "मले पाह्यलं का लपते."

सत्तरबाई पाय पुढे करून द्यायची. "दाबा. माह्यावर भरोसा नाई, तं पायावर ठेवा."

पायावरही कोणी ठेवला नाही. म्हणून त्या मे महिन्यात ती हट्टाने पानं तोडायला गेली. चार दिवस गेली. पाचव्या दिवशी मुन्शीने पहिल्यांदाच तिचा पुडा सोडला. एकसष्ट पानं. दुसरा सोडला. अठ्ठावन्न. ती आपल्या बोटांकडे बघत राहिली.

"आता मोजाचाबी आळस," सासू सगळ्यांसमोर म्हणाली. सुमन आईच्या शेजारीच उभी होती.

तेव्हा पुढे होऊन मला चार वाक्यं बोलता आली असती. मी एवढंच म्हटलं, "मावशी, तिला घरी न्या," आणि पुढच्या बाईच्या दंडाला पट्टा बांधला.

दिवाळीआधी आजार उलटला आणि ती गेली. मग मी सासूच्या ओट्यावर बसून डॉक्टरांचं सगळं बोलणं नीट सांगितलं. शेवटी म्हातारी म्हणाली, "हे पह्यले काऊन नाई सांगितलं, बाई?"

सुमन आता मोहर्लीला पर्यटकांच्या खानावळीत भांडी घासते. मागच्या महिन्यात भेटली तेव्हा अंगात ताप होता. जरा बस म्हटलं, तर हात न थांबवता म्हणाली, "बसली तं मायसारखी आळशी म्हनतीन." तेवढ्यात मालकाची हाक आली आणि ती आत गेली.

मोहर्लीची बस सकाळी आठला असते. सुमनला सांगायचं अजून राहिलं आहे.