पायडल आणि फळी यांमधले अंतर

२३ मे १९४६, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. ब्रेकचे पायडल पूर्ण दाबल्यावर ते आणि खालची फळी यांमध्ये उरलेले अंतर: अर्धा इंच.

जगातल्या प्रत्येक वस्तूत दोष असू शकतो, फक्त आपल्या मालमोटारीत नाही, असे मानणारा एकच माणूस मी पाहिला: माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. रिठदच्या मळ्यातली वांगी-मेथी ते या जुन्या मोटारीतून रिसोडच्या बाजारी नेत. ब्रेकवर पाय ठेवला की तो भिजवलेल्या कणकेत रुतावा तसा खाली जाई. म्हणून आतोबा ब्रेक तीनदा दाबत. पहिला देवासाठी, दुसरा गाडीसाठी, तिसरा स्वतःसाठी. तोवर एक शेत मागे पडे. ओळखीची माणसे हात दाखवून लगेच पुढच्या शेताकडे पळू लागत. ब्रेकचे तेल ते दवाखान्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवत आणि ओतण्यापूर्वी ती जोरजोरात हलवत. मी त्यांना फेस दाखवला.

"त्याच्यावर लिहेल हाये, हलवून घेणे," ते म्हणाले. "तू तं शिकेल हायेस. वाच."

आदल्या बाजारी नाल्याच्या उतारावर मोटार एका बैलगाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. माझ्या वडिलांनी किल्ली काढून घेतली. पायडल घट्ट झाले नाही तर गाडी भंगारात जाणार होती. आत्या गेल्यापासून आतोबांना घराबाहेर काढणारी तेवढी एकच वस्तू उरली होती. मी नुकतीच बी.एस्सी.ची परीक्षा देऊन आले होते. पट्टी आणि वही घेऊन बसले.

पहिल्या दाबाला अर्धा इंच उरे, तिसऱ्याला दोन. दाबत गेले की पायडल वर येई, आणि गळती कोठेही नव्हती. निष्कर्ष सरळ होता.

"नळीत हवा हाये, आतोबा."

"कायची हवा? दर महिन्याले काढून राह्यलो मी."

"कशी काढता, दाखवा."

त्यांनी चाकामागचा स्क्रू ढिला केला, धावत वर चढून पायडल दाबले, सोडले, आणि धावत खाली येऊन स्क्रू आवळला. तेल बाहेर आले खरे. पण पायडल सुटताच त्याच वाटेने हवा आत शिरली. दर महिन्याला ते अत्यंत निष्ठेने हवा भरत होते.

"हे दोघांचं काम हाये. स्क्रू आवळेपर्यंत कोणी तरी पायडल दाबून धरायले पायजे."

"होतं," ते म्हणाले, "धरनारं."

मी वर बसले. बाटली न हलवण्याची अट त्यांनी तोंड फिरवून मान्य केली आणि ते गाडीखाली शिरले.

"दाब."

"दाबलं."

"सोड."

एकेक चाक होत गेले. शेवटच्या चाकाशी खालून आवाज आला, "सोड वं, मंजुळा."

आत्याचे नाव त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकले. त्यांचा सगळा संसार 'अवं' या एका हाकेवर झाला होता. चूक दिसली की दुरुस्त करणे हा माझा स्वभाव. त्या दिवशी मी नुसते "सोडलं" म्हणाले. ते बराच वेळ गाडीखालून बाहेर आले नाहीत.

किल्ली परत मिळाली. ब्रेक एका दाबात लागू लागला, तरी ते तीनदाच दाबत. देवाला आणि गाडीला वगळणे त्यांना जमले नाही. आता ती मोटार नाही, आतोबाही नाहीत. वही मात्र माझ्यापाशी आहे. त्या सकाळची शेवटची नोंद, नऊ वाजून चाळीस मिनिटे: सव्वातीन इंच.