पेनाने लाट काढलीच नाही

अपयशी माणसांकडे किस्से फार साठतात हो! ज्यांचं काम जमतं त्यांच्याकडे रिसर्च पेपर साठतात. नव्वदच्या दशकात बंगळुरूच्या आमच्या लॅबमध्ये चार वर्षं नुसते किस्सेच साठले.

काम सांगायला सोपं. ताऱ्याभोवतीची धूळ तापलेली असते. तिचा इन्फ्रारेड प्रकाश दोन आरशांवर घेऊन एकत्र आणायचा. जुळला की रेकॉर्डरचं पेन कागदावर लाट काढणार, आणि तिच्यावरून धुळीचा पसारा मोजता येणार. पण आधी लॅबमध्ये छोट्या भट्टीला तारा मानून लाट दाखवा, मगच दुर्बीण, असं वरून फर्मान! आमचं पेन रोज सरळ रेघ मारायचं.

*

आम्हा पीएचडीच्या पोरांचे गाइड कुलकर्णी सर. मूळ सोलापूरचे, तीस वर्षं इथे, त्यामुळे बोलण्यात 'बरं, बरं'च्या जागी सतत कन्नड 'सरी, सरी'. रिटायर व्हायच्या आत एकदा लाट बघायची, एवढाच ध्यास.

सरांच्या घरी गेलं की त्यांच्या बायको, आमच्या काकू, उपमा वाढता वाढता म्हणायच्या, "ह्यांना तिकडची धूळ मोजायचीय. कपाटावरची मी दाखवली तर म्हणतात, ही फार जवळ आहे!"

*

आरशांच्या चौकटी बंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या मस्तानभाईंच्या वर्कशॉपमध्ये करायला टाकल्या. काळ्या, अजिबात न चमकणाऱ्या हव्यात, असं तीनदा बजावलं. आणायला गेलो तर चकचकीत पॉलिश!

"इतने बड़े साइंटिस्ट लोगां, काला क्या अच्छा दिखता? पॉलिश का पैसा नक्को."

आम्ही तीन दिवस काजळी फासत बसलो.

*

मग दुर्बीण द्यायची की नाही ते ठरवणारी कमिटी आली. आणि काय सांगू, पेन हललं! चांगली टपोरी लाट! टाळ्या पडल्या, सरांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात अध्यक्षांनी आरशाशेजारी ठेवलेला चहाचा कप उचलला. रेघ सरळ.

"म्हणजे तुम्ही माझा चहा मोजलात?" अध्यक्ष म्हणाले. दुर्बीण गेली ती गेलीच. त्या रात्री मी जेवलो नाही.

*

सरांचा निरोप समारंभ दुपारी चारला, कॅन्टीनमध्ये. लॅब बंद, मशीन चालूच राहिलं होतं. हार गळ्यात घेऊनच सर परत आले आणि ओरडले, "अरे, इकडे ये!"

कागदावर वीस मिनिटांची लाट होती. सुंदर, एकसारखी. आम्ही आत शिरलो तिथपासून पुन्हा सरळ रेघ.

सरांनी बोटाने ती लाट शेवटपर्यंत गिरवली. आमच्या अंगाची ऊब, आमच्या पावलांचे हादरे लाट पुसत होते. चार वर्षं आम्हीच मध्ये उभे होतो!

"सरी," म्हणाले. मला बाहेर काढलं, दार हळूच लावलं, हार काढून माझ्या हातात दिला. चपला काढल्या आणि दाराला कान लावला. लाट काढताना ते पेन करकरतं, हे कमिटीच्या दिवशी ऐकलं होतं.

"ऐकू येतंय का रे?"

मीही कान लावला. मला फक्त पंखा ऐकू येत होता.

"येतंय, सर."