आधी चपला दाखव

माझ्या मुलीला गोंदियातल्या एका कॉलेजाने फसवलं. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी देतो म्हणाले आणि दोन वर्षांनी तिच्या हातात नुसता कागद ठेवला. कॉलेजाचं नाव लिहीत नाही, त्यांचं त्यांना ठाऊक आहे. तो सौदा ठरवायला मी स्वतः गेलो होतो, हेही आधीच सांगून टाकतो. कारण मला कटरेबाईंबद्दल लिहायचं आहे, आणि बाईंना अर्धवट सांगितलेलं चालत नसे.

कटरेबाई दुसऱ्या एका जुन्या कॉलेजात समाजकार्याच्या विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शक होत्या. या शिक्षणात आठवड्याचे दोन दिवस वर्गाबाहेर काढायचे असतात. गावात जायचं, लोकांच्या ओसरीवर बसायचं, ऐकायचं, आणि जे पाहिलं ते डायरीत लिहायचं. बाकीचे मार्गदर्शक डायरी तपासत. बाई आधी म्हणत, "चपला दाखव." पोरं बिचकत एक पाय वर करून चप्पल काढत. बाई ती उलटी करून टाच बघत आणि मग डायरीला हात लावत.

"डायरी घरी बसून लिहिता येते रे. टाच घरी बसून झिजत नाई."

एकाने सांगितलं, मॅडम, कालच नवीन घेतली. बाई म्हणाल्या, "मग जुनी आण. मी बसून राहिली इथं." आणि तो येईपर्यंत खरंच बसून राहिल्या.

आमची ओळख सालेकशाच्या आठवडी बाजारात झाली. मी मोहफुलांचा व्यापारी. सुरुवात सायकलवर पोती बांधून केली, आज गोंदियात स्वतःचं गोदाम आहे. कोणाच्या शिफारशीने नाही, जिभेच्या आणि डोळ्यांच्या जोरावर. त्या दिवशी एका पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मी तळाची फुलं वर काढत होतो. पाठीमागून आवाज आला, "काऊन जी सेठ, वरची फुलं दिसत नाईत काय?"

वळून पाहिलं तर सुती साडीतली बुटकी बाई आणि मागे आठ-दहा पोरंपोरी. मी तिरसटपणे म्हणालो, "वर सगळेच चांगलं ठेवतात. ओलं तळाला असतं."

बाई पोरांकडे वळल्या. "ऐकलं? आजचा तास झाला. लिहून घ्या."

मी खूश झालो, तेवढ्यात त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून एक किलोचं लोखंडी वजन काढलं आणि माझ्या काट्यावर ठेवलं. "आता सेठचा तळ पाहू."

भर बाजारात! मोह विकायला आलेल्या बाया थांबून बघायला लागल्या. माझं डोकं भडकलं, पण काटा बरोबर निघाला. बाईंनी वजन पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "चहा सांगा मग." त्या दिवसापासून बाजारात आल्या की माझ्या पोत्यावर बसून चहा घेऊ लागल्या. मी भाव पाडायला लागलो की बशीतून डोकं वर न काढता म्हणत, "सेठ, ती बाई पहाटेपासून वेचून राहिली होती, तुम्ही झोपले होते." त्यांच्यापायी माझी कित्येकदा चिडचिड झाली. पोतं मात्र त्यांच्यासाठी मोकळं ठेवत होतो.

माझ्या भारतीला बी.ए.नंतर समाजकार्यच शिकायचं होतं. त्याला कारणीभूत कटरेबाईच. लहानपणी बाजारात माझ्याबरोबर येऊन ती त्यांच्याशेजारी बसायची. आता दोन वाटा होत्या. एक बाईंचं जुनं कॉलेज, जिल्ह्याबाहेर. वसतिगृहात राहायचं, पहाटेची एसटी पकडायची, दोन दिवस गावं तुडवायची. दुसरं गोंदियातलं नवीन कॉलेज, घरापासून ऑटोने दहा मिनिटं. बाई गोदामावर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "इमारत पाहू नका. कोणत्या गावात पाठवता, किती दिवस, आणि सोबत कोण येते, हे विचारा."

मी नव्या कॉलेजात जाऊन विचारलं. गाव चिचगड, आठवड्याचे दोन दिवस, मार्गदर्शक सर अधूनमधून भेट देतात, असं क्लार्कने सांगितलं. पण विचारता विचारता माझ्यातला व्यापारी जागा झाला. पोरीने एकटीने चिचगडकडच्या जंगलातून फिरायचं, हे मला पटत नव्हतं. समोरच्या क्लार्कला म्हणालो, दोन दिवस जास्त होतात, एक करा. तो लगेच हो म्हणाला. म्हणालो, एक तरी कशाला, महिन्यातून एकदा जाईल. तोही हो म्हणाला. शेवटी तोच पुढे वाकून म्हणाला, "सेठजी, फील्ड का टेन्शन मत लो. डायरी बन जाती है."

समोरचा एवढ्या सहज खाली आला की मी एरवी सौदा सोडून उठतो. माल खराब असल्याची ती खूण आहे. त्या दिवशी मात्र मी जिंकल्याच्या तोऱ्यात घरी आलो. भारती म्हणाली, "बाबूजी, मला जायचं होतं गावात." मी तिला गप्प केलं.

कटरेबाईंना फुशारकीने सांगितलं, "दोन दिवसांचे शून्य करून आलो."

बाईंनी बशी खाली ठेवली. "सेठ, तुम्ही भाव नाई पाडला. माल तिथंच ठेवला अन् रिकामं पोतं उचलून आणलं."

मी पेटलो. "तुमच्या पोरी फिरवा रानावनात. माझी नाही फिरणार!" बाजार ऐकत होता. बाई उठल्या, साडी झटकली, म्हणाल्या, "तुमची पोरगी आहे जी, पोतं नाई," आणि निघून गेल्या. दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्यांचं पोतं मी दुसऱ्या कोणाला बसायला दिलं नाही, एवढंच.

भारती फर्स्ट क्लासमध्ये पास झाली. मी पेढे वाटले. महिनाभरात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेत तिची मुलाखत होती. समोर तिघं होते, त्यांत कटरेबाई. भारतीच्या डायरीत चिचगडला केलेल्या भेटी लिहिलेल्या, खाली सरांची सही. बाईंनी विचारलं, "चिचगडला पहिल्या दिवशी कोणाच्या घरी बसली?"

भारतीने डायरी मिटली आणि म्हणाली, "मॅडम, मी चिचगड पाहिलेलंच नाही. हे आम्हाला फळ्यावरून उतरवून घ्यायला लावलं होतं."

ती नोकरी हुकली. त्याच दिवशी दुपारी बाई माझ्या गोदामात आल्या आणि न विचारता पोत्यावर बसल्या. ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. त्या म्हणाल्या, "पोरगी खरी आहे, कागद खोटा आहे. उद्या तिले माझ्यासंगं पाठवता काय?"

मी म्हणालो, "बाई, चुकी माझी झाली." आयुष्यात हे वाक्य मी बाजारात कधी उच्चारलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "ते मले माहीत आहे. चहा सांगा."

पुढचं वर्षभर, गुडघे दुखत असताना, तोवर निवृत्त झालेली ती बाई माझ्या मुलीला एसटीने चिचगडला नेत होती. पहिल्या आठवड्यात भारती रडत आली, कोणी बोलतच नाही म्हणून. बाई म्हणाल्या, "कायले बोलतील? तू त्यांची कोण? चार वेळा जा, मग विचार." पाचव्या वेळी एका घरातून तिला हाक मारून पेज पाजली. त्या दिवशी भारती जे बोलत सुटली, ते दोन वर्षांत मी ऐकलं नव्हतं. वर्ष संपलं तशी तिने बाईंच्या जुन्या कॉलेजात पहिल्यापासून प्रवेश घेतला. या वेळी मी सौदा केला नाही. फक्त बाईंनी सांगितलेले तीन प्रश्न विचारले आणि सही केली.

गेल्या दिवाळीनंतर बाई तापाने गेल्या. आजार चार दिवसांचा. आम्ही पोहोचलो तेव्हा दाराशी त्यांच्या चपला होत्या. भारतीने एक उचलून उलटी केली. टाचेखाली चांभाराने टायरचा तुकडा ठोकला होता, तोही एका बाजूने झिजून गेला होता. तिने ती जिथे होती तिथे नीट ठेवली.

मागच्या आठवड्यात मी त्या नव्या कॉलेजात गेलो. प्राचार्यांनी फाइल पुढे सरकवली: सगळं नियमात आहे, ही बघा सरांची सही, 'प्रत्यक्ष भेट दिली, काम समाधानकारक.' सर शेजारीच बसले होते. त्यांच्या बुटांना चमक होती. मी विचारलेल्या प्रश्नावर ते नुसते हसले. भारतीची दोन वर्षं गेली, आणि त्याच फळ्यासमोर या वर्षी नवी पोरं बसली आहेत.

माझ्या वाट्याचं उत्तर मी कटरेबाईंना दिलं आहे. आता सर, तुमचं राहिलं. तेच सगळ्यांसमोर पुन्हा विचारतो. चिचगडला तुम्ही कोणत्या दिवशी गेला होतात, कोणत्या गाडीने? कोणाच्या घरी पाणी प्यालात? सही तुमची आहे, उत्तर तुम्हीच द्या. आणि उत्तर द्यायला याल तेव्हा जे बूट घालून चिचगडला गेला होतात, तेच घालून या. मी आधी ते उलटे करून बघणार आहे.