भाऊजी गिटार लावतात

आमच्या भाऊजींना सगळे ‘पाना’ म्हणतात. तोंडावर नव्हे, तोंडावर ‘साहेब’ म्हणतात, कारण मोरी तुंबलेली असताना माणूस फार नम्र होतो. धंद्याने ते प्लंबर. बोटं अशी की त्यांनी चहाचा कप हातात घेतला की आपल्याला कपाची काळजी वाटावी. कान मात्र तिखट. लोखंडी सळईचं एक टोक फरशीला आणि दुसरं कानाला लावून ते खाली कुठे पाणी झिरपतंय ते हुडकायचे. जिथे बोट ठेवतील तिथेच ओल निघायची. पण गाण्याच्या बाबतीत हाच माणूस औरंगजेब. शीळ घालत अंघोळ करू लागले की शेजारीण गॅस बंद करायला धावायची.

अशा माणसाशी माझ्या ताईने लग्न केलं, आणि ताई गिटार शिकवायची. बाहेरच्या खोलीत चार स्टुलं, दाराशी पोरांच्या चपलांचा ढीग, भिंतीवर टांगलेली तिची स्वतःची गिटार. शिकवणी सुरू होण्याआधी ती एकेकाचं वाद्य मांडीवर घेऊन सुरात लावून द्यायची. तार छेडायची, खुंटी पिळायची, पुन्हा छेडायची.

“अगं, वाजवणार कधी?” भाऊजी आतून जेवता जेवता विचारायचे. “नुसतं कुंईकुंई चाललंय मघापासून.”

“लावल्याशिवाय वाजवायची कशी?”

“आमच्यात नळ बसवला की लगेच पाणी येतं.”

“हो, आणि सगळीकडून येतं.”

त्यांचा संसार असा चालला होता, आणि छान चालला होता. मग एका सकाळी ताईला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. इस्पितळातून घरी आली तेव्हा तिच्यापाशी दोनच शब्द उरले होते, ‘नाही’ आणि ‘चल’. भाऊजी म्हणाले, “पुरेत की. बायको नवऱ्याशी आणखी काय बोलते?” मग बेसिनपाशी जाऊन नळ मोकळा सोडून बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी पाणी वाया घालवलेलं मी तेवढंच पाहिलं.

व्यायाम करून घ्यायला एक बाई येत. ताई त्यांना दाद देईना. उशीत तोंड खुपसून पडून राहायची. बाई म्हणाल्या, “त्यांच्या आवडीचं काही हातात द्या. हात हलू दे, मन हलू दे.” भाऊजींनी भिंतीवरची गिटार काढून, पुसून तिच्या मांडीवर ठेवली. तिने डाव्या अंगठ्याने सगळ्यात जाड तार छेडली आणि घासात खडा यावा तसं तोंड केलं. “नाही.” तारा उतरल्या होत्या, ते मलाही कळत होतं. तिने खुंटीला हात घातला. पिळली एका तारेची, छेडली दुसरीच. पुन्हा तेच. मग गिटार ढकलून दिली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आम्ही म्हटलं, डावा हात, सवय नाही. दुसरं काही कुणाच्या मनातही आलं नाही.

भाऊजींच्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की बसली. गिटार लागली की ती वाजवेल, आणि वाजवू लागली की आपली बायको आपल्याला परत मिळेल.

“मी लावतो,” ते म्हणाले.

“भाऊजी, तुम्हाला जमायचं नाही.”

“सहा तारा, सहा खुंट्या. सात मजली इमारतीची पाइपलाइन जोडलीय मी.”

प्लंबिंगचा नियम त्यांनी गिटारला लावला. हाताला घट्ट लागेपर्यंत पिळायचं, मग वर अर्धा फेरा. सगळ्यात बारीक तार तुटून सपकन गालावर बसली. ताईच्या ओठाचा डावा कोपरा हलला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

गाल चोळत भाऊजी म्हणाले, “आणखी पाच आहेत. तोडू का सगळ्या?”

“चल,” ताई म्हणाली.

शेवटी ताईची एक जुनी विद्यार्थिनी आली. ती आता स्वतः शिकवते. तिने नव्या तारा चढवल्या आणि गिटार लावून दिली. ताईला तेव्हा गाढ झोप लागली होती. जागी झाल्यावर तिला असाच सूर मिळावा, म्हणून भाऊजींनी प्रत्येक खुंटीवर आणि खुंटीच्या बुडाशी लाल रंगाचा एकेक ठिपका दिला. व्हॉल्व्ह कुठवर उघडा ठेवायचा याची खूण करतात ना, तशी. दुसऱ्या दिवशी ठिपक्यासमोर ठिपका होता आणि गिटार बेसूर होती. नव्या तारा ताणतात आणि उतरतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी विद्यार्थिनीला फोन लावला. “पोरी, खुंटी जागेवर आहे. मग सूर गेला कुठे?”

“काका, तार सैल पडली.”

“पण मी हातसुद्धा लावला नाही.”

“म्हणून तर रोज लावावी लागते.”

“रोज?” भाऊजींनी फोनकडे असं पाहिलं की जणू कुणी त्यांना फसवून गळका नळ विकला होता.

मग रीतसर शिकवणी सुरू झाली. विद्यार्थिनी सांगायची, “जाड तारेवर पाचव्या घरात, या दोन पट्ट्यांच्या मधे, बोट दाबा. जो आवाज येतो, तोच खालच्या मोकळ्या तारेतून यायला हवा. मग त्या तारेचं पाचवं घर, आणि असंच पुढे. फक्त एका ठिकाणी चौथं घर.”

“एकाच ठिकाणी का?”

“तसंच असतं, काका.”

“ठेकेदार बदलला असेल मधे. बरं, हे बघ, सारखा आला.”

“नाही आला. फार फरक आहे.”

“दोन्ही टण्णच म्हणतायत.”

तिने डोक्याला हात लावला. मीही लावला. काही दिवस हेच चाललं. मग एका दुपारी कंटाळून भाऊजींनी सरळ गिटारच्या लाकडाला कान चिकटवला, डोळे मिटले आणि दोन तारा एकदम छेडल्या. तसेच राहिले. “अरे,” ते हळूच म्हणाले, “हे धडधडतंय. पाइपात हवा अडकल्यावर धडधडतं तसं.” खुंटी किंचित पिळली. “आता सावकाश धडधडतंय.” आणखी किंचित. “थांबलं.”

विद्यार्थिनीने खिशातला सूर मोजायच्या यंत्राचा छोटा चिमटा गिटारला लावून पाहिला. काटा बरोबर मध्यावर. सुरांचा गंध नसलेल्या माणसाने गिटार लावली होती, आणि कशाने, तर गळती शोधायच्या कानाने. त्या दिवशी भाऊजी घरभर असे फिरले की जणू मुनिसिपालटीने त्यांच्या नावाचा हौद बांधला असावा.

संध्याकाळी त्यांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि गिटार ताईच्या मांडीवर ठेवली. तिने तार छेडली. घासातला खडा परत आला. “नाही.”

“अगं, लागलीय. काटा मध्यावर आहे.”

“नाही.”

विद्यार्थिनीने सहाही तारा पुन्हा तपासल्या. चोख. ती माझ्याकडे बघू लागली, मी खिडकीकडे.

डॉक्टर म्हणाले, “कान ठीक आहेत. पण ऐकलेल्याची जुळणी आत होते, मेंदूत. तिथे काही बिघडलं असेल. सुधारेल किंवा नाही, नक्की सांगता येत नाही.” भाऊजींनी विचारलं, “उघडून बघता येत नाही का?” डॉक्टर हसले नाहीत, ते बरं झालं, कारण भाऊजींनी विनोद केला नव्हता.

तेव्हापासून त्यांनी काटा सोडला आणि ताईला धरलं. एक तार छेडायची आणि विचारायचं, “वर?” “नाही.” “खाली?” “नाही.” आठवडा गेला. मग एका संध्याकाळी ती अचानक “चल” म्हणाली. मग दुसऱ्या तारेला, तिसऱ्या. सगळ्या सहा. तिने अंगठा तारांवरून वरून खाली फिरवला, डोळे मिटले, आणि तिचा चेहरा जुन्या ताईचा झाला. ती वाजवत राहिली. दुसऱ्या दिवशी व्यायामाला मुकाट उठली. जेवलीसुद्धा.

तो आवाज मात्र भयंकर होता. भांड्यांची मांडणी जिन्यावरून गडगडत आल्यासारखा. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचो. भाऊजी तिच्या पायाशी बसायचे, हसरा चेहरा करून, दात आवळून.

“तुम्हाला काय त्रास?” मी एकदा म्हणालो. “तुम्हाला कुठे सूर कळतो?”

“तेच तर झालंय ना,” ते म्हणाले. “आधी कळत नव्हता तेव्हा मजेत ऐकलं असतं. आता धडधड ऐकू येते रे. हात शिवशिवतो. गळका नळ दिसतोय, आणि मालकीण म्हणते, हात लावू नकोस.”

लाल ठिपके एकदा फसले होते, म्हणून तारा थोड्या उतरल्या की ते उरलेल्या आवाजावरून अंदाजाने तोच आवाज परत आणायचे. तो कसाबसा साधायचाही. मग परवा भाऊजी एका टाकीच्या कामावर गेले असताना विद्यार्थिनी येऊन गेली. तारा मुद्दाम तशा ठेवल्यात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं; आपल्या गुरूची गिटार अशा दशेत बघून तिच्याने राहवलं नाही. तिने मन लावून ती नीट लावली, पुसली, भिंतीवर टांगली आणि झोपलेल्या ताईच्या पाया पडून गेली.

संध्याकाळी ताईने एकदाच अंगठा फिरवला. “नाही.”

भाऊजींनी लाकडाला कान लावला. धडधड नव्हती. कोण येऊन गेलं ते समजले. मला राग आला, त्यांना नाही. “पोरीचं काय चुकलं? बरोबरच लावलीय.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “बरोबर सूर कुणालाही सापडतो रे. रस्ता ठरलेला आहे, पाचवं घर, पाचवं घर, चौथं घर. हिचा चुकलेला सूर आता कुठे शोधू? त्याला घरच नाही.”

ते खुंटी पिळत बसले. “वर?” “नाही.” “खाली?” “नाही.” मला म्हणाले, “तुला थोडाफार सूर कळतो, तूच आठव ना तो आवाज कसा होता.” मी रोज वर्तमानपत्राआड लपून तो आवाज टाळलेला. मला काय आठवणार, कपाळ?

“मग ही?” त्यांनी पुढची तार छेडली. “वर घेऊ?”

ताईने डावा हात पुढे केला आणि त्यांचं मनगट धरलं. थांब म्हणत होती की पिळ म्हणत होती, ते त्यांना कळेना, मलाही कळेना. तिचे ओठ हलले, पण त्या दोन शब्दांतला एकही बाहेर आला नाही. भाऊजींची बोटं खुंटीवर तशीच राहिली.