सोडाल्यातलं गॅरेज

नलिनीताई देशकरांच्या जयपूरच्या सोडाला भागातल्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी माझ्यापुढे मटाराच्या शेंगा ओतल्या. मी गेले होते, एक मोठं गणित तुकडे करून अनेक संगणकांकडून एकाच वेळी कसं सोडवून घेतात, ते शिकायला. अजमेर, टोंकहून आलेल्या मुलीही शेंगा सोलत होत्या. फक्त आमेरची रेखा हातावर हात ठेवून बसली होती. तिला दिसत नसल्यामुळे कुणी तिला वाटाच दिला नव्हता.

"काहून? हात नाहीत का तिला?" म्हणत ताईंनी माझ्या वाट्यातल्या अर्ध्या शेंगा तिच्यापुढे ढकलल्या. "आता बघा, सगळ्यांचं काम लवकर संपते की नाही!"

हा वर्ग होता की भाजीची तयारी, मला कळेना.

ताई नागपूरच्या. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे जयपुरात आलेल्या. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आम्ही एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो. लहान गावांतल्या, हिंदी माध्यमातल्या मुलींना फोनच्या तारेवरून जयपूरच्या संगणकांवर काम करता यावं, म्हणून त्या गावोगावची कॉलेजं जोडत होत्या. कुणी शंका काढली की म्हणायच्या, "होते ना! काहून नाही होणार?"

प्राचार्यांनी प्रयोगशाळा देऊ केली, पण मुलींची निवड संगणकावरच्या परीक्षेने होणार होती. रेखाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ती परीक्षा वाचूच शकत नव्हतं.

"देशकरजी, एक लड़की के लिए नियम नहीं बदलेगा।" प्राचार्य म्हणाले.

"तो फिर लैब रहने दीजिए।" ताई उठल्याच.

मी मागे धावले. "अहो, बाकीच्या मुलींचं काय?" त्यांनी स्कूटर सुरू केली आणि निघून गेल्या.

टोंकच्या शिक्षिका नसरीन यांनी घरोघरी जाऊन मुलींच्या वडिलांना राजी केलं होतं. त्या फोनवर रडल्या, "आपने एक के लिए सबका दरवाज़ा बंद कर दिया।" मला त्यांचंही पटलं आणि ताईंचंही. दोन्ही कसं पटतं, याचाच गोंधळ.

मग ताईंनी लोकांनी टाकून दिलेले संगणक आणून आपल्या गॅरेजात जोडले. ते तापत, बंद पडत. गॅरेजात मुलगी पाठवायची म्हटल्यावर बरेच वडील मागे सरले. नसरीन मात्र उरलेल्या मुलींना घेऊन परत आल्या. रेखाचा प्रोग्राम सगळ्या संगणकांवर एकदम चालला, तेव्हा सगळ्यांत मोठ्यांदा टाळ्या त्यांनीच वाजवल्या. ज्या आल्या नाहीत त्यांची नावं ताई त्या दिवशीही विचारत होत्या.

पुढे ताईंच्या नवऱ्याची पुन्हा बदली झाली. स्टेशनवर मी विचारलंच, "ताई, प्रयोगशाळा नाकारलीत, ते बरोबर होतं?"

"मले तरी कुठे कळलं?" त्या म्हणाल्या. "पण रेखाला 'तू घरी जा' हे सांगणार कोण होतं? तुम्ही?"

गाडी हलली.

गॅरेजातले संगणक माझ्या घरी आले. पुढच्या रविवारी रेखा दारात उभी राहिली. "मैम, मैं कहाँ बैठूँ?"

मी तिचा हात धरला आणि तिला खुर्चीपर्यंत नेलं.