पेडलवरचा पारिसअण्णा

२०२३ साल. मला अडुसष्ट वर्षं झालेली, पारिसअण्णाला सत्तर. आमच्या कळंब्याच्या गॅरेजात ब्रेकमधली हवा काढायची असली की मी गाडीखाली आडवा आणि अण्णा आत, पेडलवर. मी खालून ओरडायचो, "दाब!" तो निम्म्या कळंब्याला ऐकू जाईल असा ओरडायचा, "दाबलं!" मग मी चाकाजवळचा स्क्रू ढिला करायचो, ऑइलबरोबर बुडबुडे निघायचे. हवा आत राहिली की तापल्यावर पेडल दाबूनही ब्रेक लागत नाही. तीस वर्षं हेच. "एकटा माणूस जेवू शकतोय," अण्णा म्हणायचा, "ब्रेकची हवा काढू शकत न्हाय."

जैन शेतकऱ्याच्या घरातला. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून हातातला पाना असेल तिथं ठेवून घरी जायचा, गिऱ्हाईक कितीही मोठं असो. टायर तो नखानं बघायचा. नख रुतलं नाही की "मेलंय ह्ये" म्हणून उठायचा.

त्या साली आजऱ्याचा एक काजूवाला, सागर, पहिल्यांदाच हौशी शर्यतीत उतरणार होता. जुनी छोटी गाडी आमच्याकडं तयार करायला दिली. टायर मी आणले. अण्णानं नख लावलं आणि सागरसमोरच म्हणाला, "पावणं, ह्या टायरवर बाजाराला जावा. शर्यतीला नगं."

खरं होतं ते. पण मी चौथी नापास माणूस. गिऱ्हाइकासमोर चूक काढली की माझं डोकं पेटतं.

"तुला जमत नसंल तर घरी बस!"

तो गेला. आठ दिवस आम्ही बोललो नाही. तेवढ्या दिवसांत मी टायर गुपचूप बदलले, ब्रेकचे नवे पॅड घातले, आणि हवा एकट्यानं काढली. पेडलवर दांडकं अडकवायचं, खाली शिरायचं, परत वर. शेजाऱ्याला हाक मारली असती तरी भागलं असतं. मारली नाही.

नवव्या दिवशी अण्णा आला, जसं काही झालंच नाही. नवे टायर बघून हसला नाही, एवढे त्याचे उपकार. नवे पॅड शर्यतीआधी तापवून मुरवावे लागतात. ते काम कायम त्याचंच. "जोतिबाच्या घाटात तापवून आणतो," म्हणाला. पेडल दोनदा दाबून बघितलं.

"दत्तू, हवा काढताना पेडलवर कोण बसलं हुतं?"

"हुतं की कोणतरी."

त्यानं आणखी एकदा पेडल दाबलं. "घट्ट लागतंय. पण घट्ट पेडल आणि घट्ट माणूस, तापल्याबिगर कळत न्हाय."

किल्ली माझ्या हातात होती. मी दिली.

घाट उतरताना ब्रेक तापले आणि आत राहिलेल्या हवेनं दगा दिला, पेडल तळाला गेलं. वळणावर नारळ-गुलालाची दुकानं, माणसांची गर्दी. अण्णानं हॉर्न दाबून धरला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घातली. संध्याकाळी दवाखान्यात त्यानं प्राण सोडला.

लोकांना हॉर्न तेवढा ऐकू आलेला. "सत्तरीत शर्यतीची मस्ती," दवाखान्याच्या दारात एकजण म्हणाला. "माणसं मारली असती की म्हाताऱ्यानं." अण्णाचा भाऊ मान खाली घालून ऐकत होता. मीही ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णाच्या घरी गेलो. अंगणात दवाखान्यातली तीच माणसं बसलेली. अण्णाच्या बायकोनं, वहिनींनी, विचारलं, "भावजी, ह्ये खरंच जोरात चालवत हुते काय वं?"

मी माणसांकडं तोंड केलं. "न्हाय वहिनी. ब्रेक मी एकट्यानं केलता. त्येनं इचारलं, तवा मी खोटं बोललो."